सरकारी भाड्याची खोली आणि गावचं पडकं घर

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही घणसोली गावठाणात वन आरकेत भाड्यानं राहतो. मिस्टर महापेला एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेत, हातात 19 हजार येतात. मी ऐरोलीला पाळणाघरात काम करते, 12 हजार. मुलं पाचवीत आणि दुसरीत. भाडं 9 हजार, डिपॉझिट 50 हजार, करार नोटरीचा. दर अकरा महिन्यांनी मालक दहा टक्के वाढवतो. ओळखीतला एक जण म्हणतो, ठाण्यात सरकारची भाड्याची घरं आहेत, महिना दोन हजारांत मिळतात. 50 हजार द्या, धोकादायक इमारतीच्या यादीत नाव घालून देतो. फॉर्मचे म्हणून 5 हजार दिलेत. त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पत्राचा फोटो सोबत आहे. आम्ही खरंच पात्र आहोत का? मिस्टरांच्या गावी, पाटण तालुक्यात, सासऱ्यांचं घर आहे. सासरे दोन वर्षांपूर्वी वारले. धाकट्या दिरांना घरकुल मिळालंय. शेजारीण म्हणते, गावी घर असलं की सरकारी काही मिळत नाही, आणि नवी मुंबईत पंधरा वर्षं झालेली लागतात. आम्हाला नऊच झालीत. आणखी एक, गणपतीनंतर सासूबाई कायमच्या आमच्याकडे येणार आहेत. मालक म्हणतो, माणूस वाढला की भाडं पाचशेनं वाढणार. काय करू?

— घणसोलीची एक वाचक

उत्तर

आधी ते पत्र. मी फोटो मोठा करून पाहिला. वर सिंहमुद्रा, खाली दोन गोल शिक्के, दोन्हींवर एकाच हाताची सही. ‘जा. क्र.’ लिहिलंय आणि पुढं मोकळं सोडलंय. सरकारी पत्र जावक क्रमांकाशिवाय बाहेर पडत नाही, शिपाईसुद्धा ते हातात घेत नाही. तुमच्या मिस्टरांचं नाव बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड आणि किंचित वर गेलेलं आहे. दुसऱ्या कुणाच्या खऱ्या पत्रावर हे नाव चिकटवलंय. तारखेचा वार काढला तर रविवार निघाला.

तेव्हा उरलेले 45 हजार देऊ नका. दिलेले 5 हजार त्याच्याकडे फोनवर मागू नका, व्हॉट्सॲपवर लिहून मागा. ‘अमुक तारखेला सरकारी घराच्या फॉर्मसाठी म्हणून तुम्ही 5 हजार घेतले, ते परत करा’ एवढंच लिहा. त्याचं उत्तर आलं की तुमच्या हातात पुरावा येतो. पैसे यूपीआयनं गेले असतील तर 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. रोख दिले असतील तर काम अवघड आहे, तरी अर्ज द्याच. ओळखीतला आहे म्हणून लाजू नका, त्याला तुमची लाज वाटलेली नाही.

आता ठाण्याच्या त्या घरांबद्दल. तो माणूस पूर्ण खोटं बोलत नाहीये, म्हणूनच त्याचं बोलणं पटतं. ही घरं आहेत. 2008 साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, म्हणजे एमएमआरडीएनं, भाड्याच्या घरांची योजना काढली होती. बिल्डरला चार एफएसआय द्यायचा, म्हणजे जागेच्या चौपट बांधकाम करू द्यायचं, आणि त्याच्या बदल्यात त्यानं 160 चौरस फुटांच्या खोल्या बांधून एमएमआरडीएला द्यायच्या. म्हणजे दहा बाय सोळा, त्यातच मोरी आणि संडास. त्या खोल्या गरजूंना भाड्यानं द्यायचा विचार होता आणि विचार वाईट नव्हता. पण पुढं धोरण बदललं, भाडं मागं पडलं आणि विक्रीची परवडणारी घरं पुढं आली. बांधून झालेल्या खोल्यांचं काय झालं ते मात्र पाहण्यासारखं आहे. पनवेलजवळ कोनला बांधलेल्या इमारतींत दोन-दोन खोल्यांचं एक घर करून ती गिरणी कामगारांना विकत द्यायचं ठरलं, 2016 ला म्हाडानं सोडत काढली, किंमत 6 लाख. चाव्या मिळायला मात्र कित्येक वर्षं गेली. मधल्या काळात, 2020 मध्ये, त्याच इमारती कोविडच्या विलगीकरणासाठी वापरल्या. ठाण्यातल्या खोल्या महापालिकेच्या ताब्यात आल्या. रस्ता रुंदीकरणात ज्यांची घरं गेली किंवा धोकादायक इमारतीतून ज्यांना बाहेर काढलं, अशा कुटुंबांना तिथं हलवलं जातं.

म्हणजे त्या खोल्यांत माणूस पाठवला जातो. ठाण्यात भाडेकरारांची कामं करत मला 22 वर्षं झाली. त्या खोल्यांत राहणारी पुष्कळ माणसं माझ्या टेबलासमोर बसून गेली. ‘मी अर्ज केला आणि मला ही भाड्यानं मिळाली’ असं सांगणारा एकही भेटला नाही. तिथं जो राहतो त्याच्या हातात कुठल्या तरी पाडलेल्या भिंतीचा कागद असतो.

म्हणून तर तुमच्या ओळखीतल्यानं धोकादायक इमारतीची पुडी सोडली. पावसाळ्याआधी महापालिका यादी लावते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. सी-2अ रिकामी करून दुरुस्त करायची, सी-2ब न सोडता दुरुस्त करायची, सी-3 किरकोळ दुरुस्तीची. सी-1 मधून बाहेर पडणाऱ्याचं नाव यादीत येतं ते त्याचा तिथला ताबा पाहून: वीजबिल, करपावती, मतदार यादी, भाडेपावत्या. तुमचं नाव तिथं घालायचं तर यातलं काही तरी खोटं तयार करावं लागेल, आणि त्या खोट्या कागदावर सही तुमच्या मिस्टरांची असेल, एजंटची नव्हे. प्रकरण उघडकीला आलं की तो नंबर बदलून मोकळा होईल आणि गुन्ह्यात नाव तुमचं राहील. शिवाय एका खऱ्या कुटुंबाची खोली तुमच्या नावावर जाईल, तो भाग वेगळाच.

मग खरीखुरी अर्ज करण्याजोगी भाड्याची योजना आहे का? आहे, कागदावर तर नक्कीच. लॉकडाउनमध्ये माणसं चालत गावी निघाली, त्यानंतर 8 जुलै 2020 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांची योजना मंजूर केली. तिचे दोन मार्ग होते. सरकारी पैशातून आधी बांधलेली पण रिकामी पडलेली घरं 25 वर्षं भाड्यानं चालवायला द्यायची, किंवा कंपन्यांनी, संस्थांनी स्वतःच्या मोकळ्या जागेवर भाड्यासाठीच घरं बांधायची. चंदीगड, सुरत अशा शहरांत पहिल्या मार्गानं लोक राहायलाही गेले. 1 सप्टेंबर 2024 पासून प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 सुरू झाली, तिच्या चार घटकांपैकी एक भाड्याच्या घरांचा आहे. राज्याच्या मंत्रिमंडळानंही 20 मे 2025 ला नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, 2007 नंतरचं पहिलं. त्यात नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्या भाड्याच्या घरांचा विचार आहे.

महापे-रबाळे-तुर्भे हा सगळा एमआयडीसीचा पट्टा. एखाद्या कारखान्यानं आपल्या मोकळ्या जागेत कामगारांसाठी अशी इमारत बांधली तर तुमच्या मिस्टरांसारखेच लोक तिथं पहिले जातील. तुमच्या खिशात तिकीट आहे, पण गाडी अजून कारशेडमध्ये आहे. ती फलाटाला लागेल तेव्हा तिची जाहिरात वर्तमानपत्रात येईल, महापालिका, म्हाडा किंवा सिडकोच्या संकेतस्थळावर येईल. म्हाडा तर दर सोडतीला बजावून सांगते की आम्ही कुणी एजंट नेमलेला नाही. ‘आतून’ मिळणारी कुठलीही बातमी खोटी समजा.

तिकीट आहे म्हटलं, ते कसं ते पाहू.

उत्पन्न पगारपत्रकावरचं धरतात, हातात पडणारं नव्हे. पीएफ, ईएसआय कापायच्या आधीचे मिस्टरांचे 22 हजार धरले आणि तुमचे 12 मिळवले तर वर्षाचे 4 लाख 8 हजार होतात. केंद्राच्या शहरी 2.0 योजनेत 3 लाखांपर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, 3 ते 6 लाख अल्प उत्पन्न, 6 ते 9 लाख मध्यम. तुम्ही तिथं अल्प उत्पन्न गटात बसता. म्हाडाची पट्टी वेगळी आहे. मुंबई महानगर प्रदेशात 6 लाखांपर्यंत अत्यल्प, 9 पर्यंत अल्प, 12 पर्यंत मध्यम. त्या पट्टीवर तेच तुम्ही अत्यल्प गटात. एकाच घराचं उत्पन्न दोन खिडक्यांवर दोन नावांनी ओळखलं जातं, यात तुमची चूक नाही, पण फॉर्म भरताना गट चुकला तर अर्ज बाद होतो. ज्या योजनेचा फॉर्म, त्याच योजनेचा तक्ता उघडून बसा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. घणसोली ठाणे तालुक्यात येते, पनवेलला हेलपाटा घालू नका. पाळणाघराचे 12 हजार रोख मिळत असतील तर ते लपवायचा मोह होईल. लपवून काही फायदा नाही, तुम्ही ते धरूनही मर्यादेच्या खूप आत आहात.

पंधरा वर्षांचं शेजारणीनं अर्धं ऐकलंय. म्हाडाच्या सोडतीला महाराष्ट्रात 15 वर्षं वास्तव्य लागतं, नवी मुंबईत नव्हे. पाटण काही कर्नाटकात गेलेलं नाही. मिस्टरांचा शाळा सोडल्याचा दाखला काढा, आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून अधिवासाचा दाखला करून घ्या, विषय संपला. केंद्राची भाड्याची योजना तर मुळात स्थलांतरितांसाठीच काढलेली. तिथं फेरीवाले, बांधकाम मजूर, कारखान्यातले कामगार, हॉटेलातली पोरं, विद्यार्थी हे सगळे गृहीत धरलेत. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, विधवा, नोकरदार महिला, दिव्यांग, अल्पसंख्याक यांना अग्रक्रम आहे. तुम्ही स्वतः नोकरदार महिला आहात हे विसरू नका, अर्ज तुमच्या नावानं करण्यात शहाणपण आहे.

आता गावचं घर. तुमच्या पत्रातला खरा अवघड प्रश्न हाच आहे आणि शेजारणीचं उत्तर इथंही अर्धंच आहे.

म्हाडाच्या नेहमीच्या सोडतीत पाहतात ते असं: अर्जदार, त्याची बायको किंवा नवरा आणि अज्ञान मुलं यांच्या मालकीचं घर त्या महापालिकेच्या हद्दीत आहे का. पाटणचं घर तिथं आड येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेची अट मात्र करडी आहे. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं, यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नको. कुठंही म्हणजे पाटण तालुक्यातल्या वाडीवरसुद्धा.

या अटीत दोन शब्द महत्त्वाचे आहेत, ‘नावावर’ आणि ‘पक्कं’.

नावावर काय आहे ते बघायला ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 काढा. लोक हमखास तलाठ्याकडून 8-अ घेऊन येतात. 8-अ जमिनीच्या खात्याचा असतो. घराचा नमुना 8 ग्रामपंचायतीत मिळतो, ग्रामसेवकाकडे. त्यात मालकाचं नाव, वापरणाऱ्याचं नाव, लांबी-रुंदी आणि बांधकाम कशाचं आहे ते लिहिलेलं असतं. बहुधा अजून सासऱ्यांचंच नाव असेल. ते पाहून ‘सुटलो, मिस्टरांचं नाव नाही’ असं म्हणू नका. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर ते गेले त्या दिवशीच सासूबाई, मिस्टर, दीर आणि नणंद असली तर तीही, असे सगळे वारस झाले. वारसनोंद व्हायची राहिली म्हणून मालकी थांबत नाही. मुळात नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. प्रतिज्ञापत्रावर सही करताना हे डोक्यात असू द्या, कारण तिथं विचारतात ते घर आहे का, नोंद झाली का हे नव्हे.

पण घर आहे कसं? योजनेच्या भाषेत पक्कं म्हणजे बारमाही, ऊन-पावसात टिकून राहता येईल असं. तुमच्या पत्रात घराचं वर्णन नाही, म्हणून मी तुमच्या पत्त्यावर उलटं पत्र टाकून विचारलं. तुम्ही लिहिलंत, ‘पुढं पडवी आणि एक खोली, दगड-मातीच्या भिंती, वर पत्रा, मागची भिंत गेल्या पावसात बसली, सासूबाई चूल पडवीत मांडतात.’ मग हे घर पक्कं म्हणायला कुणीही दहा वेळा विचार करेल. नमुना 8 वर ‘दगड माती, पत्रा’ असं असेल तर त्याची प्रत अर्जाला जोडा आणि स्पष्ट लिहा: गावी वडिलोपार्जित कच्च्या घरात हिस्सा आहे. मोबाइलवर त्या पडलेल्या भिंतीचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. न लिहिता राहिलात आणि छाननीत निघालं तर तुम्ही लपवलं असा अर्थ होतो. लिहिलंत तर ठरवायचं काम त्यांचं. नमुन्यावर ‘आरसीसी’ असं लिहिलेलं निघालं, सासऱ्यांनी कधी कर आकारणीच्या वेळी काही तरी भरून टाकलेलं असतं, तर आधी ग्रामपंचायतीत अर्ज करून मोजणी आणि नोंद दुरुस्त करून घ्या.

कुणी तरी तुम्हाला सांगेल, मिस्टरांचं हक्कसोडपत्र करून टाका, घर दिरांच्या नावावर, म्हणजे कटकटच नको. हा खुळेपणा आहे. अजून जाहीरही न झालेल्या भाड्याच्या खोलीसाठी बापाच्या जागेवरचा हक्क सोडू नये. भाड्याच्या घराचं भाडं भरून ते कधी आपलं होत नाही. गावची ती दोन गुंठे जागा, पडक्या भिंतीसकट, तुमची आहे.

दिरांच्या घरकुलाची चिंता सोडा. त्यांचं लग्न झालेलं असेल तर ते वेगळं कुटुंब. गेल्या 20 वर्षांत सरकारी घराचा लाभ घेतलेला नसावा ही अट तुमच्या कुटुंबाला आहे. फक्त एवढं बघा की सासरे असताना कधी मिस्टरांच्या नावानं घरकुल मंजूर होऊन हप्ता निघालेला नाही ना. असं झालेलं पाहिलंय मी, नाव थोरल्याचं आणि घर बांधलं धाकट्यानं.

भाड्याच्या योजनेत राहिलो तर पुढं स्वतःच्या घराचा हक्क जाईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं पत्र त्याचंच येणार. अट मालकीची आहे, राहण्याची नाही. भाड्यानं राहणारा बेघरच मोजला जातो.

आणि या योजनेत भाडं किती? पाच-पंचवीस रुपयांत घर मिळेल असं कुणी समजू नये. 2020 च्या नियमांत पहिलं भाडं त्या परिसराची पाहणी करून ठरतं. पण वाढीला लगाम आहे. दर दोन वर्षांनी 8 टक्के, आणि पाच वर्षांत मिळून 20 टक्क्यांच्या वर नाही. तुमचेच 9 हजार घ्या. योजनेत दोन वर्षांनी ते 9,720 होतील. तुमच्या मालकाच्या हिशेबानं अकरा महिन्यांनी 9,900 आणि बावीस महिन्यांनी 10,890. फरक इथं पडतो, म्हणून ही योजना आली तर अर्ज कराच. घराचा आकार एका खोलीला 30 चौरस मीटरपर्यंत, दोन खोल्यांच्या घराला 60 पर्यंत, नाहीतर वसतिगृहासारखी खाट.

खाटेवरून आठवलं. लग्न न झालेली नणंद, बहीण कुणी इकडं नोकरीला येणार असेल तर नोकरदार महिलांच्या वसतिगृहाची केंद्राची योजना आहे, आता तिला सखी निवास म्हणतात. महानगरात महिना 50 हजारांपर्यंत पगार असणारीला ती लागू. एकटीच्या खोलीचं भाडं पगाराच्या 15 टक्क्यांवर नाही, दोघींच्या खोलीला 10 टक्के, मोठ्या खोलीत साडेसात. जेवणाचे पैसे वेगळे. 20 हजार पगाराच्या मुलीला दोघींच्या खोलीत 2 हजार. तुमच्या गावठाणात त्या पैशात कॉट बेसिससुद्धा मिळत नाही.

आता ज्यावर तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि ज्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे ते: ‘करार नोटरीचा.’

महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झालं, ही समजूत कुणी पसरवली कुणास ठाऊक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुमच्यासारखा ठरावीक मुदतीचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असो की एका महिन्याचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरू सांगतो ते खरं धरतात, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तुमचा मालक ज्या कागदावर नऊ वर्षं विसंबून आहे, तो त्याच्याच पायावरचा धोंडा आहे. हे त्याला भांडणात सांगू नका, चहा घेताना सांगा.

खर्च किती? अकरा महिन्यांचं भाडं 99 हजार, डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज साडेचार हजारांच्या वर थोडं, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. 260 रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1 हजार. वर करार करून देणाऱ्याची मजुरी. आधार आणि अंगठा असला की ऑनलाइन होतो, निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. मी तर सांगेन तीन वर्षांचा करा, पाच वर्षांपर्यंत करता येतो. वाढ त्यातच लिहून घ्या, पाच टक्के म्हणून बोलणी सुरू करा. तीन वर्षांचं मुद्रांक शुल्क नऊशेच्या आत बसेल आणि दर अकरा महिन्यांनी दाराशी येणारी ती वसुली थांबेल. तुम्ही एजंटला दिलेल्या 5 हजारांत हे सगळं होऊन मुलांची दप्तरं आली असती. टोचलं असेल तर माफ करा.

गावठाणातले मालक नोंदणीला का बिचकतात ते मला माहीत आहे. इमारतीचे कागद अर्धवट असतात, आणि नोंदणी केली तर आपली इमारत कुणाच्या तरी डोळ्यांवर येईल असं त्यांना वाटतं. त्यांना सांगा, भाडेकराराला वीजबिल नाहीतर करपावती पुरते, इमारतीची परवानगी कुणी मागत नाही. दुसरी भीती, भाडेकरू कायमचा बसेल. त्याचं उत्तरही कायद्यात आहे, कलम 24. नोंदणीकृत मुदत संपली आणि भाडेकरू हलला नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर रिकामं करून घेतो, वर दुप्पट भाडं वसूल करू शकतो. म्हणजे नोंदणीत सुरक्षित जास्त कोण होतो, तर मालक. मी स्वतः कळव्याला एका चाळीत सहा वर्षं राहिले. मालक भाड्याची पावती देत नव्हता, माझ्या मागं लागण्याला कंटाळून त्यानं एकदा सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला ‘भाडं मिळालं’ असं लिहून दिलं होतं. पुढं रेशन कार्डाला पत्ता लागला तेव्हा माझ्याकडं पुरावा म्हणून ते पाकिट होतं.

नोंदणीकृत करार झाला की आधारवरचा पत्ता घणसोलीचा करा, चौघांचाही. मग उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नमुना 8 ची प्रत, आधारशी जोडलेलं बँक खातं, सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. भाडं रोख देत असाल तर या महिन्यापासून यूपीआयनं द्या आणि शेऱ्यात महिन्याचं नाव लिहा.

राहिल्या सासूबाई. डोकं मोजून भाडं वाढवायचा नियम कुठल्याही कायद्यात नाही, करारात लिहाल तेवढंच. म्हणून त्या यायच्या आधी करार करून घ्या आणि ‘राहणाऱ्या व्यक्ती’ या रकान्यात पाच नावं घाला, चार नव्हे. मालक अडून बसला तर पाचशेऐवजी दोनशेवर मिटवा, पण तेही करारातच लिहून. गावच्या घरात त्यांचाही हिस्सा आहे, तो तुमच्या अर्जाच्या आड येत नाही, कारण योजनेच्या कुटुंबात आई धरत नाहीत. त्या निघतील तेव्हा ग्रामपंचायतीतून नमुना 8 त्यांनाच घेऊन यायला सांगा. ग्रामसेवक त्यांना नावानं ओळखत असेल, तुम्हाला तो आठवड्यानं यायला सांगेल.

आणि वन आरकेत पाचवं माणूस कुठं झोपणार, हे मला विचारू नका. आमच्या कळव्याच्या खोलीत आम्ही सात होतो.